बाबांचा कोळसा आणि ब्रॅकनेलचं ऊन

बाबा जुलैच्या सुरुवातीला नागपूरहून आमच्याकडे ब्रॅकनेलला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा होत्या. एकीत आईने दिलेला खाऊ होता आणि दुसरीत नुसती लोकर. पूर्ण बाह्यांचे स्वेटर, मफलर, पायमोजे, माकडटोपी आणि अंगाला घट्ट बसणारी थर्मलची जोडी. आई या खेपेला आली नव्हती. भावाच्या घरी नवं बाळ होतं आणि बाळाला सोडून निघायला ती तयार नव्हती. बॅग मात्र तिनेच भरून दिली होती. याआधी ती आली ती डिसेंबरातच, त्यामुळे इंग्लंडमध्ये दुसरा ऋतू असतो यावर तिचा विश्वास नव्हता.

बाबा आले होते ते उकाड्याला कंटाळून. त्या वर्षी नागपूरला मार्चपासूनच ऊन आग ओकत होतं. "मला काही बघायचं नाही, फिरायचं नाही," ते एअरपोर्टवरच म्हणाले. "फक्त अंगावर पांघरूण घेऊन झोपायचंय."

पहिला आठवडा त्यांना हवा तसा गेला. आकाश ढगाळ, मधूनच भुरभुर पाऊस. स्वेटर घालून ते सकाळी तळ्यापर्यंत चालून यायचे आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला गुड मॉर्निंग म्हणायचे. परत आले की आमच्या शेजारच्या आजींशी कुंपणावरून गप्पा. आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या मागच्या बागेत एक छोटं तळं होतं, त्यात दगडी बेडकाच्या तोंडातून पाण्याची धार पडायची. बाबा स्वेटरात आणि आजी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, असे दोघे समोरासमोर उभे राहून हवामानावर बोलायचे.

"तुमच्याकडे खूप गरम असतं, नाही का?" आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मे महिन्यात सेहेचाळीस," बाबा सहज म्हणाले.

आजींनी कुंपणावर कोपर टेकवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे शहात्तर सालचा उन्हाळा झाला होता. रस्त्याचं डांबर वितळलं होतं. नळाला पाणी नव्हतं. तुम्ही तो पाहायला हवा होता."

इथल्या एका वयापुढच्या माणसांकडे शहात्तर साल असतंच. ऊन पडलं की ते बाहेर येतं. बाबांना ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी फार आदराने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरच्या फरशीवर पापड भाजल्याची गोष्ट सांगितली. ती खोटी होती. तिसऱ्या दिवशी आजींनी शहात्तर साली नदी कोरडी पडली ती सांगितली. दोघांची मॅच सुरू झाली होती आणि दोघंही खुशीत होते.

आमच्या दहा वर्षांच्या लेकीला तेव्हा शाळेत कार्बन डायऑक्साइडवर प्रोजेक्ट होता. हवेतला हा वायू का वाढतोय, पृथ्वी का तापतेय आणि आपल्या घरातलं कोण किती भर घालतंय, हे शोधून वर्गात सांगायचं होतं. मी आणि नवरा सॉफ्टवेअरवाले, आमच्यात तिला काही रस वाटला नाही. मी ट्रेनने जाते, नवरा गाडीने जातो, झालं. मग एका संध्याकाळी वरणभात खाताना तिचा मोर्चा आजोबांकडे वळला.

लेकीचं मराठी इथेच वाढलेलं आहे. तिला सगळं समजतं, पण तो, ती आणि ते यांच्यात ती फारसा भेदभाव करत नाही.

"आजोबा, तुमची जॉब काय होता?"

"वीज तयार करायचो," बाबा म्हणाले. त्यांची सगळी नोकरी नागपूरजवळच्या औष्णिक वीजकेंद्रात गेली. ते बॉयलरचे इंजिनिअर. "कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर चक्र फिरवायचं."

लेकीने चमचा खाली ठेवला. "कोळसा म्हणजे कोल?"

"हो."

"किती?"

"रोज मालगाड्या भरून यायचा. आमची चिमणी दहा-बारा गावांवरून दिसायची."

लेक गोंधळली. चिमणी तिला फक्त लहानपणच्या गोष्टीतली माहीत, मेणाचं घर असलेली. "एवढा मोठा चिमणी?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी तिला पक्षी आणि धुराडं यांतला फरक समजावला. पण तिने मुद्दा सोडला नाही. कागदावर आमची तिघांची नावं आणि त्यापुढे छोटी छोटी पावलं, म्हणजे ज्याचे त्याचे कार्बन फूटप्रिंट, काढलेली होती. आजोबांच्या नावापुढे तिने पाऊल काढायला घेतलं, ते कागदाच्या कडेपर्यंत गेलं, आणि तिने दुसरा कागद मागितला.

"माझं एकट्याचं थोडंच आहे ते?" बाबा म्हणाले. "तुझी आई लहानपणी फ्रिजचं दार उघडून त्यात तोंड घालून उभी राहायची. ती वीज कुणाची? तिच्या नावावर लाव थोडं."

लेकीने माझ्याकडे बघितलं आणि माझं पाऊल खोडून जरा मोठं काढलं.

बाबा हसत होते, पण जेवण झाल्यावर भांडी पुसताना मला हळूच म्हणाले, "पोट्टी काहून अशी बघून राहिली माझ्याकडे? मी काय चोरी केली?"

"तसं नाही बाबा. शाळेत शिकवतात ते."

"शिकवू दे ना. चांगलंच आहे." त्यांनी एकच कढई बराच वेळ पुसली.

त्याच आठवड्यात हवामानखात्याने लाल इशारा दिला. सोमवारी आणि मंगळवारी देशात पहिल्यांदाच पारा चाळीसवर जाण्याची शक्यता होती. टीव्हीवर नकाशा नेहमी हिरवा-पिवळा असतो, तो गडद लाल झाला. गरज नसेल तर ट्रेनने जाऊ नका, खिडक्या-पडदे बंद ठेवा, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची चौकशी करा, अशा सूचना यायला लागल्या.

"चाळीस?" बाबा टीव्हीसमोर पाय पसरून म्हणाले. "चाळीसला आमच्याकडे लोक वराती काढतात."

आईचा व्हिडिओ कॉल आला. "स्वेटर घालताय ना?" तिने विचारलं. बाबांनी बनियनवर असलेली आपली आकृती कॅमेऱ्याबाहेर नेली आणि म्हणाले, "घातलाय."

पण शनिवारपासूनच त्यांचा सूर बदलला. नागपूरच्या आमच्या जुन्या सोसायटीतल्या घराला जाड भिंती, उंच छत, गच्चीवर चुना आणि खिडकीत कूलर. ब्रॅकनेलचं घर म्हणजे थंडीशी लढायला बांधलेला किल्ला. दुहेरी काचा, भिंतीत आणि माळ्यावर कापूस भरल्यासारखं इन्सुलेशन, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. एकदा आत आलेली उष्णता बाहेर पडायचं नावच घेत नाही. बाबा वरच्या खोलीत गेले आणि लगेच खाली आले.

"हे घर नाही, थर्मास आहे," ते म्हणाले. "आतला चहा गरम राहतो. इथे चहा आपण आहोत."

पंखा आणायला आम्ही तीन दुकानं हिंडलो. सगळीकडे रिकामे रॅक. शेवटच्या दुकानातल्या मुलीने आम्हाला फार सहानुभूतीने हीटर दाखवला, तो सेलमध्ये होता.

तिथेच बाबांनी जाहीर केलं की ते कूलर तयार करतील.

आयुष्यभर अवाढव्य बॉयलर सांभाळलेल्या माणसाला कूलर म्हणजे काहीच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ओल्या ताटीतून पंख्याने हवा ओढायची, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ती घेऊन जाते, संपलं. आमच्या जाळीच्या लाँड्री बास्केटमधले कपडे त्यांनी माझ्या अंथरुणावर रिकामे केले. वाळ्याच्या ताट्या मिळणार नव्हत्या, म्हणून गार्डन सेंटरमधून फुलांच्या लोंबत्या टोपल्यांसाठी मिळतं ते काथ्याचं अस्तर आणलं. पंखा आणि पाणी वर चढवायला पंप मात्र नव्हता. ते कुंपणापाशी गेले आणि बऱ्याच वेळाने विजयी मुद्रेने परत आले. एका हातात आजींचा जुना टेबलफॅन होता आणि दुसऱ्या हातात तळ्यातल्या बेडकाचा पंप.

"बेडूक दोन दिवस सुट्टीवर गेला," ते म्हणाले.

रविवारी दुपारी उद्घाटन झालं. नवऱ्याने सरकारी सूचनेप्रमाणे सगळ्या खिडक्या आणि पडदे बंद केले होते. बाबांनी लाउंजच्या मधोमध कूलर ठेवला आणि बटण दाबलं. पहिली काही मिनिटं खरंच गार वाटलं. काथ्याचा ओला वास आला आणि मला एकदम आमच्या नागपूरच्या दुपारी आठवल्या. लेक पंख्यासमोर बसून "आ" म्हणत आपला आवाज चिरताना ऐकत होती. मग हळूहळू काचांवर ओल धरायला लागली. कार्पेट ओलं झालं. सोफा दमट लागायला लागला. नवऱ्याचा चष्मा धुरकटला. गार व्हायच्या ऐवजी आम्ही सगळे मोदकासारखे उकडायला लागलो.

"खिडकी उघडा," बाबा म्हणाले.

"सरकार म्हणतंय बंद ठेवा," नवरा म्हणाला. सासऱ्यांशी तो कधी वाद घालत नाही, पण सरकारचा दाखला मिळाल्यामुळे त्याला बळ आलं होतं.

"सरकारने कूलर पाहिलाय का कधी? आतली ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे."

"बाहेरची गरम हवा आत येईल ना पण, बाबा."

"तीच तर पाहिजे. गरम, कोरडी. तिलाच तर गार करायचंय."

खिडकी उघडायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की इथल्या खिडक्या सुरक्षेसाठी वीतभरच उघडतात आणि त्याही बाहेरच्या बाजूला. बाबा स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. घर भाड्याचं आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी कूलर बंद केला, कार्पेटवर जुने टॉवेल पसरले आणि खुर्चीत बसले. बराच वेळ ते आमच्या घराकडे असं बघत होते, जसं एखाद्या हट्टी बॉयलरकडे बघत असतील.

सोमवारी सकाळपासून ऊन वेगळंच होतं. बागेतलं गवत पिवळं पडून चुरचुरत होतं आणि पक्ष्यांचा आवाज नव्हता. नवऱ्याला एरवी ऑफिसला जायचा कंटाळा. त्या दिवशी एसीसाठी तो सर्वांत आधी पोहोचला. मी घरून काम करत होते. शाळेने मुलांना पीटीच्या कपड्यांत बोलावलं होतं आणि दुपारी लवकर सोडलं. लेक आली ती लालबुंद होऊन.

बाबांनी तोपर्यंत उत्तर शोधलं होतं. त्यांनी बागेत उघडणाऱ्या मागच्या काचेच्या दारात कूलर ठेवला, दाराची उरलेली फट पुठ्ठ्याने बंद केली आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडेल तेवढी उघडली. बाहेरची कोरडी हवा काथ्यातून आत, आणि समोरून बाहेर. या वेळी काचा कोरड्या राहिल्या. लाउंजमध्ये बसवेल इतपत गारवा आला. बाबांनी काही भाषण केलं नाही. फक्त खुर्ची कूलरच्या झोतात ओढली आणि मला म्हणाले, "आजींनाही बोलाव. पंखा त्यांचाच आहे."

मी कुंपणापाशी जाऊन हाक मारली. आजी त्यांच्या मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत बसल्या होत्या. हिवाळ्यात तिथे छान ऊन लागतं, म्हणून त्यांची ती आवडती जागा. त्यांनी हात हलवला, पण उठल्या नाहीत. बाबा माझ्या मागोमाग आले होते. ते कुंपणावरून म्हणाले, "मॅडम, आज तुमचं शहात्तर साल मागे पडणार."

आजी नुसत्या हसल्या. "हो का," म्हणाल्या.

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा बदलला होता. "ही बाई वाद घालून नाही राहिली," ते म्हणाले. "काहीतरी बिघडलंय. चल."

फाटक उघडंच होतं. आत गेलो तर कन्झर्व्हेटरीत उभं राहवेना. आजींचा चेहरा लाल आणि ओठ कोरडे होते. शेजारी चहाचा कप होता, त्यावर साय धरलेली. मी त्यांना कसं वाटतंय विचारलं, तर त्या म्हणाल्या की मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली असेल. त्यांचा मुलगा निवृत्त झालाय आणि एडिनबराला राहतो.

आम्ही दोघांनी त्यांना धरून आमच्याकडे आणलं आणि कूलरसमोर बसवलं. बाबांनी ओले टॉवेल त्यांच्या मानेला आणि मनगटांना लावले. मी तोवर आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनवर बोलत होते. पलीकडच्या नर्सने प्रश्न विचारले, गार करत राहा, घोट घोट पाणी पाजा, अर्ध्या तासात सुधारणा नसेल तर अँब्युलन्स बोलवा, असं सांगितलं. लेकीला मी लिंबू, मीठ आणि साखर घालून सरबत करायला सांगितलं. तिने ते केलं आणि आजींच्या समोर गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने पाजलं. त्या वेळात घरात कूलरच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. मला भीती वाटली होती, आणि बाबांनाही वाटली होती, कारण ते सारखे घड्याळाकडे बघत होते.

थोड्या वेळाने आजींनी डोळे नीट उघडले. त्यांनी कूलरकडे बघितलं, मग पाण्याच्या टबात बुडालेल्या पंपाकडे.

"हा माझा बेडूक आहे," त्या म्हणाल्या.

"अंशतः," बाबा म्हणाले.

सरबताचा आणखी एक ग्लास झाला. मग आजी खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या की शहात्तर साली आठवडेच्या आठवडे असं होतं, हे दोन दिवस म्हणजे काहीच नाही. बाबांनी डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. अगदी बरोबर." त्यांनी मॅच तिथेच सोडून दिली.

त्या दोन्ही रात्री आजी आमच्या लाउंजमध्ये सोफ्यावर झोपल्या. मंगळवारी देशात पारा खरंच चाळीसच्या वर गेला. बुधवारी ढग आले, आणि लोक एकमेकांना हवा किती छान झाली म्हणून सांगायला लागले.

गुरुवारी लेकीचं वर्गात प्रेझेंटेशन होतं. शाळेचा तो शेवटचा आठवडा. तिच्या बाईंनी आजोबांना बोलावलं होतं, आणि लेकीने ते आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं. बाबांनी शर्ट इस्त्री केला. गळ्यात 'पाहुणे' असं कार्ड अडकवून ते छोट्याशा खुर्चीवर बसले, त्यांचे गुडघे जवळजवळ छातीला लागले. मी मागे उभी होते. मला काळजी होती ती त्यांच्या इंग्रजीची नाही, मुलांच्या प्रश्नांची.

लेकीने आमची पावलं दाखवली. आजोबांचं पाऊल दोन कागद चिकटवून केलेलं होतं. मुलं "वॉव" म्हणाली, आणि एक क्षण बाबांना ते कौतुकच वाटलं असावं.

पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडे स्विमिंग पूल आहे का?" दुसरा, "तुम्ही वाघ पाहिलाय का?" वाघ पाहिला होता, त्यामुळे बाबांचा वर्गात भाव वाढला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं का? एवढा कोळसा जाळला त्याचं?"

बाई पुढे व्हायला निघाल्या, पण बाबांनी हात वर केला.

"मी लहान होतो तेव्हा आमच्या गावात वीज नव्हती," ते सावकाश म्हणाले. "माझी बहीण कंदिलाजवळ अभ्यास करायची. पुढे मी जी वीज केली ती तशा पुष्कळ घरांत गेली. त्याचं वाईट नाही वाटत." त्यांनी गळ्यातलं कार्ड सरळ केलं. "धूर दिसायचा, म्हणून आम्ही तो कमी केला. राख उडायची, लोक तक्रार करायचे, म्हणून ती पकडायची यंत्रं बसवली. या वायूला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत. कुणी तक्रार केली नाही, म्हणून आम्ही तो मोजलाच नाही. त्याचं वाटतं. तुमच्या देशानेही तेच केलं, आमच्या कितीतरी आधीपासून."

"मग आता?" त्या मुलीने विचारलं.

"आता तुम्ही मोजताय," बाबा म्हणाले. "आमच्यासारख्यांना असंच विचारत राहा. आम्हाला आवडणार नाही, तरी विचारा."

परत येताना लेक आजोबांचा हात धरून चालत होती. आईस्क्रीमच्या गाडीपाशी ती थांबली. "आजोबा, तुमची उत्तर चांगला होता," ती म्हणाली.

"तुमचं उत्तर चांगलं होतं," बाबांनी सुधारलं.

"तेच म्हणाले मी." तिने त्यांना मोठा कोन घ्यायला लावला.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. पहिल्या आठवड्यातले स्वेटर सोडले तर लोकरीच्या बॅगेतलं काहीच बाहेर निघालं नाही, हे आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. जाऊन महिना होतो न होतो तोच त्यांचा फोन आला. त्यांच्या हाउसिंग सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवावीत म्हणून त्यांनी मीटिंग बोलावली होती. आयुष्यभर कोळशाची बाजू घेतलेला माणूस सोलरबद्दल बोलतोय, म्हणून सगळे ऐकायला आले. सगळ्यांना पटलंही. पण गच्चीवर पॅनेल आली तर पापड आणि कुरडया वाळवायच्या कुठे, असा प्रश्न पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी काढला आणि निम्मी सभा त्यांच्या बाजूला गेली.

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"दोन मतं कमी पडून राहिलीत," बाबा म्हणाले. "पॅनेल उंच खांबांवर बसवू आणि खाली पापड वाळवू, असं ड्रॉइंग करून दिलंय. काकू म्हणतात, सावलीत पापड वाळत नाहीत. खरंय ते. आता दुसरं ड्रॉइंग करतोय, फोन ठेव."